कठड्यालगतचे टेबल

प्रश्न : गेल्या आठवड्यात आम्ही चौघे एका तरंगत्या रेस्टॉरंटमध्ये दुपारी गेलो होतो. पाणी छान दिसावे म्हणून कठड्यालगतचे टेबल मागून घेतले. पाणी संथ होते, तरीही आत तोंड करून बसलेल्या आईला अर्ध्या तासात घेरी येऊ लागली. तिने बिअरला हातही लावला नव्हता. तिच्यासमोर बसलेल्या बहिणीला मात्र काही झाले नाही. माझी क्राफ्ट बिअर पहिल्या घोटाला उत्तम लागली, पण निम्मा ग्लास होईपर्यंत तिला विचित्र वास येऊ लागला. वेटरने बिअर ताजीच असल्याचे सांगितले. निघताना काठावर नेणारा पूलही येतानापेक्षा बराच चढा वाटला. पुन्हा जायचे आहे, तर काय काळजी घ्यावी?

उत्तर : आईची घेरी आणि बिअरचा वास या दोन्हींचा दोष मी त्या टेबलालाच देईन. 20 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद तळाखाली सर्वत्र पोकळ टाक्या असतील, तर तो तळ एक सेंटिमीटर खाली जाण्यासाठी तब्बल दोन टन वजन लागते. म्हणजे 60 माणसे आत आली तरी तो दोन सेंटिमीटरही बसणार नाही. नुसत्या गर्दीने असा तळ फारसा हलत नाही. तो डोलतो ते माणसे फोटोसाठी एकाच बाजूला धावली म्हणजे, किंवा जवळून एखादी होडी गेली म्हणजे, आणि हे डोलणे मध्यभागी सर्वांत कमी व कठड्याशी सर्वांत जास्त जाणवते. आईच्या डोळ्यांसमोर स्थिर भिंत आणि टेबले होती, कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय मात्र हालचाल टिपत होते. या विसंवादातूनच मळमळ आणि घेरी सुरू होते. बहिणीला पलीकडचा स्थिर काठ दिसत होता, म्हणून ती सुटली. पुढच्या वेळी मधले टेबल घ्या आणि बाहेर पाहता येईल अशी खुर्ची आईला द्या.

वेटर खरे बोलला असावा. बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्स या फुलांमधील घटक उन्हात विघटित होतात, त्यात बिअरमधल्याच रायबोफ्लेविनचा (ब-2 जीवनसत्त्वाचा) हातभार लागतो, आणि त्यातून तयार होणाऱ्या गंधकयुक्त संयुगाचा वास अत्यल्प प्रमाणातही नाकाला झोंबतो. पारदर्शक ग्लासात, भर उन्हात, हे काही मिनिटांतही घडू शकते. तपकिरी बाटली बराचसा घातक प्रकाश अडवते, कॅन तर पूर्णच अडवतो, पण ग्लासात ओतल्यावर दोन्हींचा उपयोग संपतो. तेव्हा ग्लास सावलीत ठेवा आणि मोठ्याऐवजी लहान मागवा. लहान ग्लास कोमट होण्याआधी संपतो, हा आणखी एक फायदा. (पाण्यावरून परावर्तित होणारे थोडेफार ऊन छत्रीखाली बसूनही खालून ग्लासापर्यंत पोहोचू शकते.)

मागवण्यापूर्वी मद्यार्काचे प्रमाण मात्र जरूर विचारा. नेहमीच्या बिअरमध्ये ते 5 टक्क्यांच्या आसपास असते, तर काही क्राफ्ट बिअरमध्ये 8 टक्के किंवा त्याहूनही अधिक. म्हणजे अर्ध्या लिटरमागे 25 मिलिलिटरऐवजी 40 मिलिलिटर शुद्ध मद्यार्क पोटात जातो. शिवाय मद्यार्क कानातील त्याच तोलाच्या इंद्रियावर परिणाम करतो, त्यामुळे डोलत्या तळावर एरवी सहज पचणारा ग्लासही जड जाऊ शकतो. मळमळीची गोळी घेतली असेल, तर बिअर टाळलेलीच बरी, कारण अशा बहुतेक गोळ्यांनी येणारी गुंगी मद्याने वाढते. खाण्याचे म्हणाल तर फार तेलकट काही मागवू नका. हाताने उचलून खाता येणारे, रस्सा नसलेले पदार्थ इथे सोयीचे पडतात.

पुलाबद्दल तुमचे निरीक्षण अचूक आहे. ते पाणी भरती-ओहोटीचे असणार. तळ पाण्याबरोबर वर-खाली होतो, काठ मात्र जागच्या जागी राहतो, म्हणून ओहोटीला पूल चढा होतो. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सहा तास जातात आणि पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असल्याने फरक सर्वाधिक असतो. टेबल राखून ठेवतानाच त्या दिवशीच्या भरतीची वेळ विचारून घ्या आणि येणे-जाणे तिच्या आगेमागे ठेवा. तरीही पूल चढा मिळालाच, तर आईला कठडा धरून पुढे चालू द्या आणि तुम्ही एक पाऊल मागे राहा.