डूम खरंच कुठल्याही यंत्रावर चालतो का? घरच्या जुन्या फोटो फ्रेमवर चालवता येईल का?

गर्भचाचणीच्या काडीवर 'डूम' हा जुना नेमबाजीचा संगणक-खेळ चालला हे खरं का, आणि घरी पडून असलेल्या डिजिटल फोटो फ्रेमवर तो तुम्हाला चालवता येईल का, असं तुम्ही विचारलंय. मी पुण्यात एम्बेडेड प्रोग्रामिंगचं, म्हणजे यंत्रांतल्या छोट्या चिपसाठी कोड लिहायचं काम करतो आणि हा माझा फार आवडता छंद आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या काडीचं. २०२० मधल्या त्या प्रयोगात मूळ चाचणीचं उरलं होतं ते फक्त प्लास्टिकचं कवच. आतली चिपही बदलली होती आणि पडदाही. करणाऱ्या व्यक्तीने हे स्वतः स्पष्ट सांगितलं होतं, पण व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्यांनी तेवढंच गाळलं. बॅक्टेरियावर डूम चालल्याची बातमीही अशीच. एमआयटीतल्या एका संशोधक विद्यार्थिनीने ई. कोलायच्या पेशींचा ३२ बाय ४८ ठिपक्यांचा पडदा केला तर काय होईल, याचं सिम्युलेशन केलं होतं. पेशी फक्त उजळणार आणि विझणार, खेळ दुसरीकडेच चालणार. आणि एक चित्र उमटून पुसलं जायला आठ तासांहून जास्त. कल्पना म्हणून मला दोन्ही फार आवडतात. पण 'चालला' मी तेव्हाच म्हणतो, जेव्हा खेळाचा कोड त्या यंत्राच्या स्वतःच्या चिपवर धावतो.

तसंही पुष्कळ झालंय. २०१४ मध्ये मायकेल जॉर्डन या सुरक्षा संशोधकाने कॅननच्या पिक्समा प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर डूम आणला. प्रिंटरच्या वेब पानाला पासवर्ड नव्हता आणि बाहेरचं फर्मवेअर (यंत्राच्या आतला कायमचा कोड) तो बिनतक्रार घेत होता, हे त्याला दाखवायचं होतं. खेळ हा त्याचा पुरावा. २०२१ मध्ये आयकियाच्या स्मार्ट दिव्यातल्या चिपवर तो चालवला गेला. त्या चिपची रॅम, म्हणजे काम करताना वापरायची मेमरी, १०८ केबी. मूळ खेळ ४ एमबी मागतो, म्हणजे त्याच्या साधारण अडतिसाव्या हिश्शात बसवला! पडदा आणि खेळाचा डेटा ठेवायची मेमरी बाहेरून जोडली होती, पण डोकं दिव्याचंच होतं. माझ्या मते या सगळ्या छंदातलं ते सर्वात देखणं काम आहे.

डूमच का, तर तो लिहिलाच तसा गेलाय. खेळ आला डिसेंबर १९९३ मध्ये. तेव्हाच्या ३८६ संगणकांत दशांशाची आकडेमोड करणारा वेगळा प्रोसेसर बहुधा नसायचा, म्हणून सगळं गणित पूर्णांकांत बसवलेलं. आज दोन-तीनशे रुपयांच्या चिपलाही ते झेपतं, त्याचं कारण हेच. कोड जवळजवळ सगळा सी भाषेत. नकाशे, चित्रं, आवाज 'वॅड' नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये. आणि डूमचा मुख्य प्रोग्रामर जॉन कारमॅकने २३ डिसेंबर १९९७ ला सोर्स कोड खुला केला तो लिनक्स आवृत्तीचा, कारण डॉस या तेव्हाच्या ऑपरेटिंग सिस्टिमवरची साउंड लायब्ररी (आवाजाचा तयार कोड) दुसऱ्याची होती. त्यामुळे कोड हातात आला तोच डॉसपासून सुटलेला.

आता 'डूमजेनेरिक' नावाचा तयार सांगाडा मिळतो. त्यात तुम्ही पाच-सहा फंक्शन्स भरायची: सुरुवात, चित्र काढणं, थांबणं, किती मिलिसेकंद झाले ते सांगणं, कोणतं बटण दाबलं ते सांगणं. ऐकायला एका संध्याकाळचं काम वाटतं. मला तीन आठवडे लागले.

मी तो बसवला चिप आणि पडदा असलेल्या एका सरावाच्या बोर्डावर, एसटीएम३२एफ४२९ डिस्कव्हरीवर. ८ एमबी रॅम, अडीच इंचांच्या आतला पडदा, कोड साठवायला २ एमबी फ्लॅश मेमरी. फुकट मिळणाऱ्या पहिल्या भागाची वॅडच ४ एमबीची, म्हणून ती पेनड्राइव्हवर. पहिला आठवडा पडदा नुसता काळा. मी मेमरीत चूक शोधत बसलो, आणि दोष निघाला घड्याळात. टायमरचा इंटरप्ट, म्हणजे ठरावीक वेळाने चिपला मिळणारा इशारा, मी चालूच केला नव्हता. डूम सेकंदाला ३५ टिकांवर (घड्याळाच्या ठोक्यांवर) चालतो आणि पुढची टिक होईपर्यंत वाट पाहतो. माझं घड्याळ शून्यावर, तोही शून्यावर. एक ओळ घातली आणि चित्र आलं, पण आडवं पडलेलं, कारण तो पडदा मुळात उभा आहे. एक्स-वाय अदलाबदल करून ते सरळ केलं, तर खालच्या पट्टीतल्या सैनिकाचा चेहरा निळा! सोळा बिटांच्या रंगात लाल आणि निळ्याच्या जागा मी उलट्या भरल्या होत्या. तो चेहरा माणसाच्या रंगाचा झाला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी आनंदाने बायकोला उठवलं. बोर्डावर वापरायला एकच निळं बटण आहे, म्हणून बाकीची मी वायरींनी जोडली. स्पेसच्या बटणाचा सांधा अजून सैल आहे, दार उघडायला दोनदा दाबावं लागतं.

आता तुमची फ्रेम. ती अ‍ॅडॅप्टरवर चालत असेल तर उघडायला हरकत नाही. (थेट २३० व्होल्टवर चालणारी वस्तू, विशेषतः मायक्रोवेव्ह, या नादात अजिबात उघडू नका.) सर्वात मोठ्या चिपवरचा नंबर भिंगाने वाचा, फोटो काढा आणि तिची डेटाशीट (कंपनीचं तांत्रिक माहितीपत्रक) मिळते का पाहा. डेटाशीट नसेल तर ती फ्रेम पहिल्या प्रयोगाला घेऊ नका, महिने जातील. असेल तर बोर्डावर एका रांगेत तीन-चार रिकामी भोकं शोधा. तिथे बहुधा सीरियल पोर्ट असतो, म्हणजे चिप आपले संदेश बाहेर पाठवते ती जागा. दोनशे रुपयांच्या आसपास मिळणारा यूएसबी-सीरियल जोड ३.३ व्होल्टवर ठेवून तिथे आणि लॅपटॉपला लावा, वेग आधी सेकंदाला १,१५,२०० बिट करून पाहा, आणि फ्रेम चालू करा. लॅपटॉपवर अक्षरं सरकू लागली तर त्यात रॅम किती आहे ते बहुधा तिथेच छापून येईल.

दरम्यान डूमजेनेरिक आधी लॅपटॉपवर चालवा. पूर्ण खेळाची वॅड आजही विकत घ्यावी लागते; सरावाला 'फ्रीडूम'ची मोफत वॅड चालते, फक्त आकाराने मोठी आहे, तेव्हा बोर्डासाठी पहिल्या भागाचीच घ्या. बोर्डावर गेलात की आधी घड्याळ, मग पडदा, बटणं शेवटी. सीरियलवर जे काही छापून येईल ते इथे चिकटवा, चिप कोणती ते मी पाहून सांगतो.