निवारागृहातील खोकला आणि खाज

प्रश्न : आमच्या बेघर निवारागृहात एका दालनात अनेकजण झोपतात. खोकणाऱ्या व्यक्तीला प्रवेश नाकारावा काय?

उत्तर : कृपया नाकारू नका. दारातून परत पाठवलेला माणूस आजारासह रस्त्यावर जातो आणि पुढच्या वेळी खोकला लपवतो, त्यामुळे धोका उलट वाढतो. प्रवेशाच्या वेळीच खोकला, ताप, रात्रीचा घाम आणि घटलेले वजन यांविषयी आपुलकीने विचारावे; खोकला दोन आठवड्यांहून जुना असल्यास क्षयरोगाची थुंकी-तपासणी करून घ्यावी आणि निदान होईपर्यंत त्या व्यक्तीला मास्क व स्वतंत्र खोली द्यावी. क्षयाचे जंतू हवेतून पसरत असल्याने, केवळ फरशी पुसून भागत नाही. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवून हवा खेळती राखणे हाच खरा उपाय आहे. खाटांमध्ये किमान एक मीटर अंतर असावे आणि शेजाऱ्याच्या डोक्याकडे पाय येतील अशी त्यांची मांडणी करावी.

खरजेसाठी बाधित व्यक्ती व निकटच्या सहवासातील सर्वांवर एकाच वेळी उपचार करावेत आणि अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुवावे. जुलाब-उलट्यांची साथ असेल तेव्हा सॅनिटायझरवर विसंबू नका, साबण-पाणीच वापरा. आजाऱ्याचे नाव मात्र इतरांसमोर कधीही उच्चारू नका.