दादरला ‘ऑर्गॅनिक’ लिहिलेली तूरडाळ आणि ‘ऑर्गॅनिक’ फरशीचं लिक्विड, दोन्ही महाग मिळतात. घरात रांगतं बाळ आहे, कशावर पैसे घालू?

डाळीच्या पाकिटावर ‘जैविक भारत’चा शिक्का असेल तर डाळ घ्या, पण लिक्विडच्या बाटलीवरच्या ‘ऑर्गॅनिक’ शब्दासाठी जास्तीचा एक रुपयाही देऊ नका. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा हा शिक्का २०१७च्या नियमांनुसार फक्त खाण्याच्या वस्तूंसाठी आहे, आणि त्यामागे एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या सेंद्रिय शेतीच्या सरकारी योजनांपैकी एकीचं प्रमाणपत्र लागतं. किराणा दुकानात रोज ही पाकिटं हाताळतो, म्हणून सांगतो: शिक्का पाकिटावर छापलेला हवा, वरून चिकटवलेला कागद नको. शेतकरी बाजारात स्वतः माल विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला मात्र प्रमाणपत्रातून सूट आहे. त्याच्याकडे शिक्का नसला म्हणून तो फसवतोय असं नाही. काय फवारलं, ते त्यालाच विचारा.

फरशीला बादलीभर पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब पुरतात, मग साध्या पाण्याने पुसून घ्या. व्हिनेगर नैसर्गिक असलं तरी जुन्या इमारतींतल्या मोझॅकवर नको, त्यातल्या संगमरवराच्या चिपांची चकाकी जाते. आणि बाळ असो-नसो, ब्लीच आणि संडासाचं ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि आपली मोरी-संडासं केवढी, त्यात खिडकी एवढीशी.