आधी मोबाईल खिशात घाल

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. मित्र धबधब्याच्या टोकावर जाऊन बसतो, गाडीचं हँडल सोडून चालवतो, आणि तू काही बोललास की सगळे 'फट्टू' म्हणून हसतात. त्याला थांबवू कसा आणि त्याच्या घरी सांगू का, असं विचारतोस.

माझ्या सतराव्या वर्षी आमच्यातला एक जण पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावरून उडी मारायला निघाला. आम्ही पाच जण होतो आणि पाचही जण 'मार, मार' ओरडत होतो. पाय सटकला, घोटा मोडला. बांबूला घोंगडी बांधून त्याला खाली आणताना अंधार पडला. वाटेत तो एवढंच म्हणाला, "तुम्ही बघत नसता तर मी कशाला मारली असती?" तेव्हा राग आला होता.

पुढे वाचलं, की अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली हेच तपासलं होतं. कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा खेळ, पिवळा सिग्नल लागला की थांबायचं की दामटायचं. मित्र शेजारी बसवले की तुमच्या वयाची मुलं कितीतरी जास्त दामटत. मोठ्यांना फरक पडला नाही.

म्हणून आधी मोबाईल खिशात घाल, त्याचं शूटिंग नको. चारचौघांत 'नको रे, पडशील' म्हणालास तर तो हमखास जाणार. टोळीतल्या एकाला आधीच सांगून ठेव. "भूक लागली, चला" म्हणत दोघं निघालात की तिसरा निघतोच. बघणारं कोणी उरलं नाही की तोही उठतो. त्याला नजरेआड मात्र होऊ देऊ नकोस.

पाण्याशी ही युक्ती चालत नाही, तिथे सरळ ओरडायचं. घाटमाथ्यावर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही ओढा फुगतो. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहून यायला लागला की चपला-सॅक सोडून काठ गाठायचा. ३० जून २०२४ ला लोणावळ्याला, भुशी धरणामागच्या धबधब्यात, एकमेकांना घट्ट धरून मध्येच उभी राहिलेली माणसं वाहून गेली. एकाच घरातली पाच जणं दगावली. कोणी वाहून जात असेल तर मागे उडी टाकू नकोस, पट्टीचा पोहणारा असलास तरी. दोर, ओढणी, काठी, जे असेल ते फेक. एकाने ११२ लावायचा. रेंज नसेल तर गावाकडे पळायचं. गावकऱ्यांना ते पाणी ठाऊक असतं.

राहिला प्रश्न घरी सांगण्याचा. शायनिंगसाठी उडी मारणारा वेगळा आणि 'मेलो तरी कोणाला काय फरक पडतो' म्हणणारा वेगळा. हे वाक्य थट्टेत जरी ऐकलंस, तरी पोटात ठेवू नकोस. त्याला एकट्याला टपरीवर गाठ, घरी काय चाललंय विचार, आणि त्याच दिवशी एका मोठ्या माणसाच्या कानावर घाल. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, तूही लावू शकतोस. तो चुगलखोर म्हणेल, महिनाभर बोलणार नाही. चालेल.

घोटा मोडलेला आमचा तो अजून माझ्याबरोबर गडावर येतो. कातळ दिसला की आधी माझ्या हातातला मोबाईल काढून घेतो.

तुझा,
काका