आधी हात फिरू दे

*दहा वर्षांखालच्या मुलांना क्रिकेट शिकवणाऱ्या प्रशिक्षिका या सदरात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. यावेळचे सगळे प्रश्न गोलंदाजीचे.*

प्रश्न : सुटीच्या दिवशी मी सात-आठ वर्षांच्या मुलांना क्रिकेट शिकवतो. बॅट सगळ्यांना धरता येते, पण गोलंदाजी दिली की एकूण एक मुलं फेकी टाकतात, म्हणजे वाकलेलं कोपर झटक्याने सरळ करून चेंडू फेकतात. ‘हात सरळ, हात सरळ’ ओरडून माझा घसा बसला. काय करू?

उत्तर : आधी ओरडणं थांबवा. चेंडू टाकताना आपलं कोपर कुठे आहे, हे या वयात कळतच नाही. तुम्ही ‘सरळ’ म्हणालात की मूल मान ताठ करतं, पाठ ताठ करतं, गुडघेसुद्धा ताठ करतं आणि कोपर तेवढं वाकलेलंच राहतं.

मुलांच्या हातात कुठला चेंडू दिलाय ते बघा. पुरुषांचा लेदर बॉल 156 ते 163 ग्रॅमचा असतो, 13 वर्षांखालच्यांचा साधारण 133 ते 144 ग्रॅमचा. सात-आठ वर्षांच्यांना मी तोही देत नाही, टेनिस बॉल देते. मोठा चेंडू बोटांत मावत नाही, मग तो तळव्यात धरला जातो. खांद्यात तेवढी ताकद नसते, मग तो कोपरातून ढकलला जातो. त्यात समोरच्या यष्ट्या 22 यार्डांवर! एवढ्या लांब पोचवायचं म्हटल्यावर मूल फेकणारच, दुसरं करील काय? ऑस्ट्रेलियात लहान मुलांच्या सामन्यांना 16 मीटरची खेळपट्टी ठेवतात. मी तर सुरुवातीला 12-13 मीटरवरूनच टाकायला लावते. चेंडू हलका आणि अंतर कमी केलं की अर्ध्या मुलांची फेकी आपसूक जाते.

उरलेल्यांसाठी मोजा आणा. पायातला, लांबसा. त्यात टेनिस बॉल घाला आणि मोज्याचं तोंड मुलाच्या हातात द्या. चेंडू टाकतो तसा हात फिरवायचा, सोडायचं काही नाही. फिरणाऱ्या वजनाने हात ताणला जातो. कोपर वाकलं तर चेंडू पाठीत येऊन बसतो. मुलं खिदळतात, एकमेकांना चिडवतात आणि थोड्या वेळाने मोजा नीट फिरायला लागतो.

मग उभ्या जागेवरून चेंडू टाकायचा. रनअप अजिबात नाही. उजव्या हाताचं मूल असेल तर डावा खांदा फलंदाजाकडे, पाय फाकवलेले, चेंडू हनुवटीपाशी, डावा हात वर आणि नजर त्या हाताच्या बाजूने थेट यष्ट्यांवर. तिथून डावा हात खिशाकडे खेचायचा आणि उजवा खालून मागे जाऊन दंड कानाला घासत वर आणायचा. मी दोनच शब्द बोलते : ‘खिसा’ आणि ‘कान’. बहुतेक प्रशिक्षक ‘कान’ सांगतात आणि ‘खिसा’ विसरतात. मग डावा हात नुसता लोंबकळत राहतो आणि मूल एका अंगावर कलतं.

नियमाचंही सांगते, कारण पालक त्यावरून फार भांडतात. वाकलेला हात हा गुन्हा नाही. हात खांद्याच्या पातळीला आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत कोपर सरळ होत गेलं तर ती फेकी. श्रीलंकेचा फिरकी गोलंदाज मुरलीधरन याचा हात जन्मापासूनच पूर्ण सरळ होत नव्हता. एखाद्या मुलाचं तसं असेल तर त्याला सगळ्यांसमोर ‘फेकी’ म्हणून हिणवू नका. आंतरराष्ट्रीय सामन्यांत कोपर 15 अंशांपर्यंत सरळ झालं तर आयसीसी सूट देते, पण ते अंश प्रयोगशाळेत मोजतात, मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून नव्हे.

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची. पळत येते आणि उलट्या पायावर, म्हणजे टाकणाऱ्या हाताच्याच बाजूचा पाय पुढे ठेवून चेंडू टाकते. सवय लागेल का?

उत्तर : लागू शकते, पण घाबरू नका. पाकिस्तानचा सोहेल तन्वीर तसाच टाकायचा आणि 2008च्या आयपीएलमध्ये सर्वाधिक बळी त्याचेच होते. तरीही सात वर्षांच्या मुलीचं मी बदलून बघेन, कारण पुढचा पाय टेकला की त्याच्यावरून अंग वळवणं सोपं जातं. तिचं पळणं बंद करा. जमिनीवर खडूने तीन पावलं काढा : डावं, उजवं, डावं. ती उजव्या हाताने टाकते असं धरलंय; डावखुरी असेल तर उलट. चालत यायचं आणि शेवटचं पाऊल टेकल्यावरच चेंडू सोडायचा. तोंडाने म्हणायला लावा, ‘डावा, उजवा, डावा, टाक’. ते जमलं की हळूहळू पळणं.

रनअप मोजायची वेळ आली की तिला क्रीझवरून उलट्या दिशेला पळत जाऊन चेंडू टाकायला सांगा. जिथून तो सहज सुटेल तिथे खूण करा. काही वेळा करून घ्या, खुणा एकमेकींच्या जवळ पडायला लागतात.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा, वेग भन्नाट आहे. बुमराची हुबेहूब नक्कल करतो आणि रोज तासभर नेटमध्ये टाकतो. ॲक्शन बदलावी का?

उत्तर : नक्कल करू दे. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणाची करील. मला काळजी वाटते ती ‘रोज तासभर’ची. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने 13 वर्षांखालच्या वेगवान गोलंदाजांना एका स्पेलमध्ये, म्हणजे एका दमात, 5 षटकांची मर्यादा घातली आहे. नऊ वर्षांच्याला मी दोन-तीन षटकांवर थांबवते आणि लागोपाठ दोन दिवस टाकू देत नाही. उरलेला वेळ क्षेत्ररक्षण, झेल, पळापळी.

ॲक्शनमध्ये एकच गोष्ट तपासा. मोबाइलवर मागून चित्रण करा आणि मागचा पाय टेकतो त्या क्षणी थांबवा. कंबर आणि खांदे एकाच दिशेला आहेत का? दोन्ही आडवे (फलंदाजाकडे बाजू करून) चालतील, दोन्ही समोर चालतील. कंबर समोर आणि खांदे आडवे असतील तर प्रत्येक चेंडूला कण्याच्या खालच्या भागाला पीळ बसतो. वेगवान गोलंदाजांच्या पाठीच्या हाडाला बारीक चीर जाते, त्यामागे हा पीळ हे एक मोठं कारण असतं. पाठ दुखते म्हणाला तर बाम चोळून पुन्हा नेटमध्ये पाठवू नका, डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : आठ वर्षांच्या मुलीला लेगस्पिन टाकायचाय. षटकात चार वाइड जातात आणि ती रडते. आधी मध्यमगती पक्की करून घेऊ का?

उत्तर : नको. जिला चेंडू वळवायची हौस आहे तिला सरळ टाकायला लावलं तर तीच हौस जाते. दोन रंगांचा चेंडू घ्या, नाहीतर टेनिस बॉलच्या अर्ध्या भागाला चिकटपट्टी लावा. समोरासमोर उभं राहून खालून एकमेकींकडे वळवत टाका. अनामिका चेंडूला पीळ देते की नाही, हे रंग फिरताना तिला स्वतःलाच दिसेल. वळला की टाळी, मग तो कुठेही पडो. सरावात वाइड मोजू नका. टप्प्याकडे मी पुढच्या मोसमात बघते.