भाला ठेवून शिट्टी घेताना
कॉलेजात भाला फेकायचास, आता पोरांना ट्रॅकवर शिकवणार, याचा मला मनापासून आनंद आहे. पण पहिला महिनाभर भाला बाहेर काढूच नकोस. मी काढला होता, आणि एका गुणी मुलाचं कोपर दुखावलं. ते अजून सलतं. आधी टेनिस बॉल, मग उभ्यानं फेक, मग तीन पावलांची लय. १८ वर्षांखालच्या मुलांना ७०० ग्रॅमचा, मुलींना ५०० ग्रॅमचा भाला दे. मोठ्या पुरुषांच्या ८०० ग्रॅमच्या भाल्याचा हट्ट पुरवू नकोस. उजव्या हाताच्या पोराचा डावा पाय घट्ट रोवला गेला की जोर कमरेतून वर चढतो, नुसत्या हातानं काही होत नाही. पावसात गोव्यातल्या बांबोळीच्या मैदानाची धावपट्टी ओली असली तर मेडिसिन बॉल (व्यायामाचा जड चेंडू) आणि पायऱ्या चढण्याचा सराव घे. आणि फेकलेले भाले सगळ्यांनी मिळून, चालत जाऊनच आणायचे.