‘तिच्यात आत्मविश्वासच नाही हो, मॅडम!’

तेरा ते सतरा वयातल्या मुलांचे आईवडील समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत हे वाक्य हमखास कानावर पडतं. त्याच्या पाठोपाठ दुसरं: ‘एखाद्या साहस मोहिमेला पाठवू का? तिथे आपोआप धीट होईल.’ आपोआप काहीच होत नाही. तरी पाठवावं का म्हणाल, तर माझं उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ असतं. का आणि कुठल्या अटींवर, ते एका मुलीच्या निमित्ताने सांगते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

मुलगी पंधरा वर्षांची. अभ्यासात हुशार, वर्गात मुकी. मी काहीही विचारलं की ती आईकडे बघायची आणि उत्तर आई द्यायची. मग मी आईंना बाहेर बसायला सांगितलं.

“उत्तर येत असतं तेव्हा वर्गात हात वर करतेस?”

“नाही.”

“का गं?”

“पूर्ण खात्री नसते.”

“किती खात्री असली तर करशील?”

तिने जरा विचार केला. “शंभर टक्के.”

म्हणजे प्रश्न धिटाईचा नव्हताच. चुकण्याची मुभा तिने स्वतःला कधी दिलीच नव्हती. घरात सगळं तिच्या हातात आयतं येत होतं, त्यामुळे चुकून सावरण्याचा प्रसंगच आला नव्हता.

अशा मुलांना ‘तुला जमेल गं’ असं दिवसातून दहादा सांगितलं तरी फारसं काही हलत नाही. अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये मांडलं की आपल्या क्षमतेवरचा विश्वास चार वाटांनी येतो: स्वतः काही करून दाखवणं, आपल्यासारख्याच कुणाला ते जमताना पाहणं, दुसऱ्यांनी दिलेलं प्रोत्साहन, आणि छातीत धडधडतं तेव्हा त्याचा आपण लावलेला अर्थ. यातली पहिली वाट सगळ्यात भक्कम. पालक मात्र सगळा जोर तिसरीवर लावतात. मी पहिल्या वाटेची माणूस. खोलीत बसून बोलण्यालाही मर्यादा असते, हे समुपदेशक असूनही मी मोकळेपणाने सांगते.

आठवडाभराच्या एका डोंगरातल्या पदभ्रमण मोहिमेचा विषय मी काढला. जायचं की नाही हे तिने ठरवायचं, अशी अट घातली. तिने बरेच दिवस घेतले आणि गेली.

परत आल्यावर “कशी झाली?” तर म्हणे, “ठीक.” बरेच पालक इथेच हिरमुसतात. मी तिच्याकडे फक्त एक दुपार मागितली. त्या मोहिमेत रोज एक जण गटप्रमुख असे. नकाशा आणि होकायंत्र त्याच्याकडे, कुठे थांबायचं, पाणी कुठे भरायचं हेही त्यानेच ठरवायचं. “तुझी पाळी होती त्या दिवशी जेवणानंतर काय झालं? अगदी कोण कुठे चालत होतं तेही सांग.”

मग हळूहळू निघायला लागलं. वाटेला फाटा फुटला होता. नकाशात ओढा डाव्या हाताला होता, पाण्याचा आवाज उजवीकडून येत होता. नकाशावर सारखी उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषा दाट, म्हणजे खडा चढ हवा, आणि पायाखाली तर सपाटी. दोन मुलगे म्हणत होते, वाट मळलेली आहे, चला पुढे.

“मग?”

“मी म्हटलं, थांबा. आपण कुठे आहोत मला माहीत नाही.”

“आणि तुमचे सर?”

“ते मागे दगडावर बसून बुटाची लेस बांधत होते. मला वाटलं आता सांगतील. सांगितलंच नाही.”

“मग काय केलंस?”

“खात्रीची शेवटची जागा कुठली ते आठवलं. एक ओढा ओलांडला होता, तिथपर्यंत मागे गेलो. तास गेला, सगळे वैतागले. एकाचा पाय दुखत होता, त्याला मी सगळ्यात पुढे ठेवलं. म्हणजे कुणी मागे पडणार नाही.”

“भीती नाही वाटली?”

“वाटली ना! पण अंधाराच्या आत पोचायचं होतं.”

“त्या फाट्यावर सगळ्यांसमोर काय म्हणालीस, परत सांग.”

“आपण कुठे आहोत मला माहीत नाही.”

“तेव्हा खात्री किती टक्के होती?”

ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग खळखळून हसली. “शून्य!”

या एका ‘शून्य’साठी मी हा व्यवसाय करते म्हटलं तरी चालेल. उत्तर येत असूनही हात वर न करणारी मुलगी चिडलेल्या गटासमोर ‘माहीत नाही’ म्हणाली होती, आणि तिथेच न थांबता पुढचं पाऊलही तिनेच ठरवलं होतं. नेतृत्व म्हणजे खणखणीत आवाज असं समजणाऱ्यांना मी हा प्रसंग सांगते. आणि क्रम बघा: भीती आधी, कृती नंतर, विश्वास सगळ्यात शेवटी. आपण मुलांकडून उलटा क्रम मागतो. शिवाय हे तिचं तिला डोंगरात कळलं नव्हतं. कुणीतरी तपशिलात विचारलं तेव्हा कळलं. अनुभव आला की शिकवण मिळालीच, असं समजू नका.

त्या प्रशिक्षकांची लेस सुटली होती की नाही, देव जाणे! पण तिथे चुकलं तर तासभर वाया जाणार होता, जीव जाणार नव्हता, हे त्यांना ठाऊक असणार. पुढे कडा असता तर चांगला प्रशिक्षक तत्क्षणी उठला असता. मोहीम निवडताना मी पालकांना नेमकं हेच विचारायला सांगते: रोजचे निर्णय कोण घेतं, आणि तुम्ही मध्ये कधी पडता? ‘सगळं आम्ही बघतो, मुलांनी फक्त मजा करायची’ असं उत्तर आलं तर ती सहल आहे. जरूर पाठवा, पण अपेक्षा तेवढीच ठेवा. संध्याकाळी गटाचा आढावा होतो का, प्रथमोपचार येणारं कोण आहे, हवा बिघडली तर पर्यायी मार्ग कोणता, मुलाला मधूनच परतायचं असेल तर काय, हेही विचारा. यावर चिडणाऱ्या आयोजकाकडे पाठवू नका.

ही कल्पना आजची नाही. कुर्ट हान या शिक्षणतज्ज्ञांनी जहाज व्यावसायिक लॉरेन्स होल्ट यांच्या साथीने १९४१ मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्हीला ‘आउटवर्ड बाउंड’ या साहस-शिक्षण देणाऱ्या संस्थेची पहिली शाळा काढली, त्यात तरुण खलाशांना कठीण प्रसंगात तगून राहण्याची तयारी करून देण्याचा हेतू होता. १९९७ मध्ये अशा कार्यक्रमांवरच्या ९६ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात मोहीम संपल्यावर काही काळाने मोजलं तेव्हा फायदा ओसरण्याऐवजी थोडा वाढलेला दिसला. मात्र कार्यक्रमाकार्यक्रमांत फरकही बराच होता, म्हणून तर वरची प्रश्नावली.

घरी आल्यावरचे पंधरा दिवस फार नाजूक. ‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’ असं म्हणून श्रेय स्वतःकडे ओढू नका. ‘आता हीच जिद्द अभ्यासात दाखव’ तर मुळीच नको; एका वाक्यात सगळं मातीमोल होतं. त्यापेक्षा घरातलं एखादं खरं काम, ज्यात चुकलं तर थोडं नुकसान होईल असं, पूर्णपणे सोपवा आणि आपली लेस बांधत बसा. या मुलीच्या आईंना हे जड गेलं. काही आठवड्यांनी त्या तक्रार घेऊन आल्या: “मॅडम, आता ती माझ्याशी वाद घालते. सुट्टीचा सगळा बेत तिने खोडून काढला.” मी विचारलं, बेत खोडून काढला, मग दुसरा सुचवला का? “सुचवला. बरा होता,” त्या नाइलाजाने म्हणाल्या.

दोन सूचना मात्र आवर्जून. मूल सतत उदास असेल, स्वतःला इजा करत असेल किंवा त्याला भीतीचे तीव्र झटके येत असतील तर आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटा. मोहीम म्हणजे उपचार नव्हे. आणि मूल नाहीच म्हणत असेल तर ढकलू नका. आधी एक दिवसाची चाल, मग एका रात्रीचा मुक्काम असं करून बघा. त्यातही पाठपिशवी त्याची त्यालाच भरू द्या, टॉर्च घरी राहिला तरी.